वाचकांचे प्रश्न: फार्मसीच्या वर्गात औषधोपचार कसा शिकवावा?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत फार्मसीचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि औषध दुकानदार अशा सर्वांची पत्रे आहेत. त्यांचा विषय जवळपास एकच आहे: औषधांची माहिती देणे आणि औषधोपचार शिकवणे यांत अंतर किती, आणि ते कसे ओलांडावे. त्यामुळे या अंकाची सर्व जागा त्या विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: मी तालुक्याच्या ठिकाणी डी. फार्म.च्या (फार्मसी पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला फार्माकोथेरप्युटिक्स, म्हणजे औषधोपचार, हा विषय शिकवते. त्याच वर्षी फार्माकॉलॉजीही असल्याने विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, हे तर आम्ही त्या तासाला लिहून घेतले." आमच्या महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय नाही. हा विषय वेगळा आहे हे त्यांना कसे पटवावे?

उत्तर: तुमच्या विद्यार्थ्यांची तक्रार खरी आहे. २०२० च्या नियमावलीने पदविका अभ्यासक्रमात या विषयाला स्वतंत्र जागा दिली, हे फार चांगले झाले. मात्र पुष्कळ ठिकाणी तो विषय फार्माकॉलॉजीच्या वह्या उलट क्रमाने वाचून शिकवला जातो. तिथे "मेटफॉर्मिन: उपयोग, मधुमेह" असे लिहिलेले असते आणि इथे "मधुमेह: औषधे, मेटफॉर्मिन" असे लिहिले जाते. एवढाच फरक असेल तर विद्यार्थ्याला कंटाळा येणारच. फार्माकॉलॉजी औषधापासून सुरू होते आणि ते शरीरात काय करते हे सांगते. औषधोपचाराची सुरुवात एका विशिष्ट वयाच्या, वजनाच्या, मूत्रपिंडाच्या आणि ऐपतीच्या माणसापासून व्हायला हवी. त्याच्यासाठी काय साधायचे आहे, ते कशाने साधेल आणि साधले की नाही हे कसे कळेल, हे तिथे विचारायचे असते.

हा फरक दाखवायला आपल्याच मातीतले एक उदाहरण मी नेहमी घेतो. प्राझोसिन हे औषध पाठ्यपुस्तकात रक्तदाबाच्या औषधांच्या यादीत, अल्फा-१ ग्राहक रोखून रक्तवाहिन्या सैल करणारे म्हणून येते, आणि विद्यार्थी ते तसेच पाठ करतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यासमोर कोकणात लाल विंचू चावलेली माणसे होती, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियम वाहिन्या मिटायला वेळ लागतो आणि कॅटेकोलअमाईन्स (ॲड्रिनलीनसारखी संप्रेरके) रक्तात लोटली जातात. त्यामुळे घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठून मृत्यू ओढवतो. रुग्णाच्या शरीरात नेमके काय बिघडले आहे हे बारकाईने पाहिल्यानंतर त्या साखळीची कोणती कडी तोडता येईल हा प्रश्न पडतो, आणि त्याच्या उत्तरात प्राझोसिन येते. १९८० च्या दशकापासून त्यांनी या औषधाचा जो उपयोग दाखवून दिला, त्याने या दंशाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले. औषध तेच होते आणि पुस्तकातही आधीपासून होते, परंतु रुग्णाकडून त्याच्यापर्यंत जाण्याची वाट कोणीतरी शोधावी लागली. पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा: प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब एकदम घसरू शकतो, तर विंचू चावलेल्या मुलाला ते दिल्यावर त्याच्या आईला काय सांगाल? मुलाला आडवेच ठेवावे, उचलून कडेवर घेऊ नये, हे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून दिले की त्या वर्गात औषधोपचार शिकवणे सुरू झाले असे मी मानतो.

आता रुग्णालय नसल्याबद्दल. वॉर्ड हवाच, त्याची बरोबरी कशानेही होत नाही. मात्र तो नाही म्हणून फळ्यावर याद्या लिहीत बसण्याचीही गरज नाही. एकच नमुना रुग्ण तयार करा आणि त्याच्यावर तीन-चार तास खर्च करा. वीस रुग्ण वरवर उरकण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी ठरते. मी वर्गासाठी रचलेला एक रुग्ण इथे मांडतो. बाईंचे वय ६४, वजन ५२ किलो, शेतकाम चालू आहे. दहा वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे) १२.५ मिलिग्रॅम, अशी औषधे चालू आहेत. गुडघे दुखतात म्हणून त्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून रोज घेतात, परंतु हे डॉक्टरांच्या कागदावर कुठेही नाही. उपवासाच्या दिवशी दुपारच्या आत घाम येतो, थरथर होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.६, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज) ७.९.

बहुतेक विद्यार्थी आधी साखरेच्या आकड्याकडे धावतात आणि एखादी गोळी वाढवा म्हणतात. त्यांना थांबवावे आणि आधी मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढायला लावावी. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ती मिनिटाला सुमारे ३६ मिलिलिटर येते, तर १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने सुमारे २९ येते. वर्गात लगेच वाद होतो की खरे कोणते. हा वाद होऊ द्यावा, कारण त्यातूनच कळते की पहिले सूत्र ठरावीक आकाराच्या शरीरासाठी उत्तर देते आणि दुसरे वजन थेट हिशेबात धरते, त्यामुळे हलक्या वजनाच्या वृद्ध स्त्रीच्या बाबतीत दोन्हींत अंतर पडते. मेटफॉर्मिनच्या मर्यादा आता पहिल्या प्रकारच्या अंदाजावर बेतलेल्या आहेत: ४५ च्या खाली ते नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असल्यास दिवसाची मात्रा साधारण १००० मिलिग्रॅमपर्यंत आणावी, आणि ३० च्या खाली ते बंद करावे. याउलट अनेक जुन्या औषधांच्या मात्रा कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर ठरलेल्या आहेत. तेव्हा या बाईंची २००० मिलिग्रॅमची मात्रा कोणत्याही हिशेबाने जास्तच आहे.

यानंतर डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन्स या शरीरातल्या रसायनांमुळे सैल राहते आणि डायक्लोफिनॅक ती आवळते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनमुळे सैलावते. मूत्रल औषधाने शरीरातले पाणी आधीच कमी केलेले असते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन वाढते, आणि त्यातही या बाई उन्हात काम करणाऱ्या असल्या तर धोका आणखी वाढतो. शिवाय डायक्लोफिनॅकने रक्तदाब चढतो, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीला विरोध करणारी गोळी बाई स्वतःच्या पैशाने विकत घेत आहेत. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. क्रिएटिनिन १.६ हे कायमचे आहे की डायक्लोफिनॅकने आलेले, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही. म्हणून पहिली शिफारस डायक्लोफिनॅक थांबवून पॅरासिटामॉल, गुडघ्यावर लावायचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांची असावी. त्याच वेळी मेटफॉर्मिनची मात्रा कमी करण्याचे डॉक्टरांना सुचवावे, पोटॅशियम तपासायला सांगावे आणि एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. पुढचे औषध कोणते, हा निर्णय त्या दुसऱ्या आकड्यानंतरच घ्यावा.

उपवासातली थरथर ही ग्लिमेपिराइडची आहे. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच, आणि मूत्रपिंड मंदावले की त्याचा परिणामही रेंगाळतो. "उपवास करू नका" एवढे सांगून विद्यार्थी मोकळे होतात, परंतु अशा सल्ल्याने बाई उपवास सोडत नाहीत, त्या आपल्याला सांगणे सोडतात. तेव्हा उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती टाळायची याची डॉक्टरांकडून आधीच लेखी सूचना घ्यावी, थरथर झाल्यास साखर किंवा गूळ-पाणी लगेच घ्यावे, आणि हे औषधच बदलता येईल का याची चर्चा करावी. मूत्रपिंडाच्या हिताचे म्हणून डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध कोणी सुचवेल, तर त्याचे कौतुक करून लगेच विचारावे: या गाळणक्षमतेला त्याने साखर कितीशी उतरेल, आणि दिवसभर उपाशी राहणाऱ्या माणसात कोणता धोका वाढेल? साखर फारशी उतरत नाही आणि उपवासात किटोॲसिडोसिसची (रक्तात आम्ल साठण्याची) भीती राहते, ही दोन उत्तरे मिळेपर्यंत तास संपवू नये.

एवढे करायला रुग्णालय लागले नाही. याच्या जोडीला, जवळच्या औषध दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्या रुग्ण आणि डॉक्टर यांची नावे झाकून, परवानगीने वर्गात आणता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी आजी-आजोबा असतात आणि त्यांच्या औषधांचा डबा असतो. तो डबा उघडून त्यातल्या प्रत्येक गोळीचे कारण शोधणे हा एका सत्राला पुरेल इतका प्रकल्प आहे. १९९० साली अमेरिकेत चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड यांनी औषधाच्या परिणामाची जबाबदारी फार्मासिस्टने घ्यावी असा विचार मांडला. त्या परंपरेत प्रत्येक औषधाला चार प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले जातात: याची गरज आहे का, याने काम होते आहे का, हे या माणसाला सुरक्षित आहे का, आणि हा माणूस ते सांगितल्याप्रमाणे घेऊ शकतो का. डब्यातल्या प्रत्येक गोळीला हे चार प्रश्न लावायला सांगा. फक्त विद्यार्थ्यांनी घरी कोणाचेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, ही सूचना पहिल्याच दिवशी आणि स्पष्ट शब्दांत द्या.

प्रश्न: माझी मुलगी बी. फार्म. करते आहे. तिच्या पुस्तकांत दमा, मिरगी, क्षय असे सगळे आजार आणि त्यांचे उपचार आहेत. तिला डॉक्टर व्हायचे नाही आणि उपचार करण्याचा अधिकारही मिळणार नाही. मग हे सारे कशासाठी?

उत्तर: निदान करणे आणि औषध लिहून देणे हे तिचे काम असणार नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मात्र लिहिलेले औषध रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी ते वाचणारी शेवटची प्रशिक्षित व्यक्ती ती असेल. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर "रोज एक" असे वाचल्यावर थांबून डॉक्टरांना दूरध्वनी करायचा की गोळी मोजून द्यायची, हा निर्णय संधिवाताचा उपचार ठाऊक असल्याशिवाय घेता येणार नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यात स्पष्टपणे आणले आहे. जे स्वतःला कळलेले नाही ते ती दुसऱ्याला समजावून सांगू शकणार नाही, म्हणून ते आजार तिच्या पुस्तकात आहेत.

प्रश्न: मी फार्म. डी.च्या पाचव्या वर्षाला आहे. वॉर्डात एका रुग्णाला फेनिटॉइन हे मिरगीचे औषध चालू होते. त्याचे डोळे सतत हलत होते आणि चालताना तोल जात होता. मी निवासी डॉक्टरांना सांगितले, तर त्यांनी अहवाल दाखवला: पातळी १४, म्हणजे १० ते २० च्या मर्यादेत. माझ्याकडे उत्तर नव्हते. अशा वेळी आम्ही काय करावे? आमचे ऐकतच नाहीत.

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. मी आधी औषधाचा घेतो, कारण तो सुटला की दुसरा पुष्कळसा हलका होतो.

तुम्ही जे पाहिले ते महत्त्वाचे होते. डोळ्यांची ती हालचाल आणि तोल जाणे ही फेनिटॉइन जास्त झाल्याची नेहमीची लक्षणे आहेत, आणि अहवाल ठीक म्हणतो एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीत. रक्तातले सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते आणि परिणाम घडवते ते उरलेले मोकळे औषध. नेहमीची तपासणी दोन्हींची बेरीज सांगते. रुग्णाचे अल्ब्युमिन कमी असेल तर बेरीज तीच राहून मोकळा वाटा मात्र वाढलेला असतो. त्यासाठी शायनर-टोझर यांचे सूत्र वापरतात: मोजलेल्या पातळीला, अल्ब्युमिनच्या ०.२ पटीत ०.१ मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे. समजा तुमच्या रुग्णाचे अल्ब्युमिन २ होते. मग भाजक ०.५ येतो आणि १४ ची दुरुस्त पातळी २८ होते. डोळे का हलत होते याचे उत्तर या आकड्यात आहे. हे सूत्र अंदाजच देते, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात त्यातला गुणक बदलतो, आणि मोकळ्या फेनिटॉइनची तपासणी उपलब्ध असेल तर तीच अधिक विश्वासाची. रक्ताचा नमुना मात्रेनंतर किती वेळाने घेतला होता हेही पाहायला हवे होते.

आणखी एक गोष्ट तपासावी: मात्रा अलीकडे वाढवली होती का? फेनिटॉइन पचवणारी यकृतातली यंत्रणा नेहमीच्या मात्रांनाच भरत येते. त्यामुळे ३०० वरून ४०० मिलिग्रॅमवर गेल्यास पातळी एक तृतीयांशानेच वाढेल असे नाही, ती दुपटीलाही जाऊ शकते. फार्माकोकायनेटिक्सच्या (औषधाच्या शरीरातील प्रवासाच्या) वर्गात याच गोष्टीचे मायकेलिस-मेंटेन समीकरण सोडवताना हा मुद्दा रुक्ष वाटतो. तुमच्या त्या रुग्णाला तोल सावरत चालताना पाहिल्यावर मात्र ते समीकरण कोणी विसरणार नाही, आणि म्हणूनच माझा आग्रह असतो की ते गणित वॉर्डातल्या रुग्णाच्याच आकड्यांवर सोडवून घ्यावे.

आता ऐकण्या-न ऐकण्याविषयी. "रुग्णाला फेनिटॉइनची बाधा झाली आहे असे मला वाटते" या वाक्याला "पातळी मर्यादेत आहे" हे उत्तर पुरते. त्याऐवजी असे सांगता आले असते: "सर, पातळी १४ आहे, परंतु अल्ब्युमिन २ आहे. दुरुस्त पातळी २८ च्या आसपास येते आणि लक्षणेही तशीच आहेत. आजची मात्रा थांबवून उद्या पुन्हा पातळी पाहावी का?" यात निरीक्षण आहे, हिशेब आहे, एक ठोस सूचना आहे आणि निर्णय त्यांच्याकडेच ठेवलेला आहे. नातेवाईकांसमोर हे बोलू नये. राउंड आटोपल्यावर, शक्य तर तुमच्या शिक्षकांना सोबत घेऊन बोलावे, आणि दिलेली सूचना तुमच्या नोंदवहीत तारीख-वेळेसह लिहावी. रुग्णाला तातडीचा धोका असेल तर मात्र राउंड संपण्याची वाट पाहू नये आणि वरिष्ठांपर्यंत जायला संकोच करू नये. आपल्याकडे फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ साली आला. त्याआधी १९९० च्या दशकात म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांनी फार्मसी प्रॅक्टिसचे पदव्युत्तर शिक्षण वॉर्डात नेले होते. तिथेही डॉक्टरांचा विश्वास एकेका रुग्णाच्या निमित्तानेच मिळवावा लागला असणार. तुमच्या पिढीला तो प्रत्येक नव्या वॉर्डात पुन्हा मिळवावा लागतो, हे कष्टाचे आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही.

प्रश्न: माझे औषधाचे दुकान आहे. दरवर्षी पदविकेचे विद्यार्थी ५०० तासांच्या प्रशिक्षणासाठी येतात. ते फळ्या लावतात, बिले करतात, औषधांची जागा पाठ करतात. त्यांना याहून काही शिकवावे असे वाटते, पण गर्दीत वेळ मिळत नाही.

उत्तर: तुम्हाला असे वाटते यातच त्या विद्यार्थ्यांचे भाग्य आहे, कारण पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण सहीपुरते उरले आहे. वेगळा वेळ काढू नका. आठवड्याला एकच औषध किंवा साधन ठरवा आणि ते ज्या रुग्णाला द्यायचे असेल त्याच्याशी बोलण्याचे काम, तुमच्या नजरेखाली, विद्यार्थ्याला द्या. पहिल्या आठवड्यात इनहेलर घ्या. विद्यार्थ्याने रुग्णाला "कसे घेता ते करून दाखवा" असे म्हणावे आणि पाहावे. डबी हलवली का, आधी श्वास सोडला का, दाबणे आणि ओढणे एकाच वेळी झाले का, नंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखला का, हे तपासावे. स्टेरॉइडचा इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायला सांगावी, नाहीतर तोंडात बुरशी होते. "दम्याचे औषध लागू पडत नाही" म्हणणाऱ्या अनेकांचे औषध घशातच राहते, हे विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा तुमच्या काउंटरवर लवकर कळेल.

दुसऱ्या आठवड्यात थायरॉइडची गोळी घ्या. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायची. बाळंतपणानंतर या तिन्ही गोळ्या एकदम घेणाऱ्या कितीतरी बायका असतात. तिसऱ्या आठवड्यात क्षयरोगाची औषधे घेता येतील. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस-केशरी होते हे आधी न सांगितल्याने घाबरून औषध सोडणारे रुग्ण असतात. हेच औषध यकृतातली यंत्रणा चेतवून गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम घटवते, आणि एथॅम्ब्युटॉल हे क्षयरोगाचे दुसरे औषध चालू असताना दिसण्यात किंवा रंग ओळखण्यात फरक पडला तर लगेच दाखवायला हवे. ही औषधे २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या यादीत, आहेत. त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ती वही विद्यार्थ्याकडून लिहून घेताना प्रत्येक नोंदीमागचे कारण विचारले तर कायदा आणि उपचार त्याला एकत्रच समजतील.

बोलणे झाल्यावर विद्यार्थ्याने रुग्णाला "समजले ना?" असे विचारू नये, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. "घरी सुनेला कसे सांगाल, ते मला सांगा" असे विचारावे.

प्रश्न: परीक्षेत "उच्च रक्तदाबाचा औषधोपचार लिहा" असे प्रश्न असतात. विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तीर्ण होतात. अंतर्गत मूल्यमापन तरी बदलता येईल का?

उत्तर: येईल, आणि ते बदलल्याशिवाय वरच्या कोणत्याही सूचनेचा उपयोग होणार नाही, कारण विद्यार्थी परीक्षेकडे पाहूनच अभ्यास करतो आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली केंद्रांची परीक्षा आपल्याला छोट्या प्रमाणात करता येते. पाच टेबले, प्रत्येकी सहा मिनिटे. एका टेबलावर चूक असलेली चिठ्ठी ठेवावी, दुसऱ्यावर प्रयोगशाळेचा अहवाल, तिसऱ्यावर रुग्णाची भूमिका करणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी बसवावा, चौथ्यावर मात्रेचा हिशेब द्यावा आणि पाचव्यावर डॉक्टरांना करायचा दूरध्वनी ठेवावा.

लेखी प्रश्नांत संदर्भपुस्तक वापरू द्यावे. पुस्तक उघडे असतानाही ज्याला उत्तर शोधता येत नाही, त्याचे पाठांतर कामी येणार नाही. आणि कमीत कमी एक प्रश्न असा असावा की ज्याचे बरोबर उत्तर "नवे औषध नको" हे आहे: ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीमुळे पाय सुजले आणि त्यासाठी मूत्रल औषध लिहिले गेले, असे उदाहरण घ्यावे. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून दुसरे औषध जोडले जाते, त्याला तिसरे, अशा साखळ्या वृद्धांच्या चिठ्ठ्यांत नेहमी दिसतात. ती ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला मी सर्वाधिक गुण देईन. देखरेख काय ठेवाल आणि किती दिवसांनी, यालाही औषधाच्या नावाइतकेच गुण असावेत.

प्रश्न: उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे परदेशातली शिकवावीत की आपली?

उत्तर: सुरुवात आपल्या तत्त्वांपासून करावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेले प्रमाणित उपचारक्रम एकेका पानाचे आहेत आणि वर्गात वाटता येतात. क्षयरोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाची तत्त्वे आहेत, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्याला त्या यादीतली नेहमीची औषधे पक्की आली तरी पुष्कळ झाले. परदेशी तत्त्वे पुढच्या वर्गांत तुलनेसाठी घ्यावीत, आणि त्या वेळी औषधाची महिन्याची किंमतही फळ्यावर लिहावी. परवडत नसलेले औषध रुग्ण एक दिवसाआड घेतो, आणि मग कोणतेच तत्त्व लागू होत नाही.

प्रश्न: औषधांच्या दुष्परिणामांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येते का?

उत्तर: अवश्य घ्यावी. भारताचा औषधसुरक्षा देखरेख कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. फार्मासिस्टही त्याकडे संशयित दुष्परिणाम कळवू शकतो, आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही आहे. वर्गात आधी सराव घ्यावा: को-ट्रायमॉक्साझोल हे जंतुविरोधी औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी अंगावर पुरळ आले, आधी कधी हे औषध घेतले होते का, सोबत दुसरे कोणते औषध होते, बंद केल्यावर काय झाले. कॅनडातील नारांजो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तयार केलेली दहा प्रश्नांची पट्टी इथे कामी येते. तिच्या साहाय्याने दुष्परिणाम त्या औषधाचाच असण्याची शक्यता शंकास्पद, संभवनीय, बरीचशी की निश्चित, हे ठरवता येते. तेच औषध पुन्हा दिल्यावर काय झाले, असाही एक प्रश्न त्या पट्टीत आहे. तो भरण्यासाठी रुग्णाला मुद्दाम औषध पुन्हा द्यायचे नसते, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. अंगावर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, ताप अशी लक्षणे असतील तर अर्ज नंतर भरावा. आधी औषध बंद करण्याविषयी डॉक्टरांना तत्काळ कळवून रुग्णाला रुग्णालयात पाठवावे.